वायकिकीतील सर्फिंगचे प्राथमिक प्रशिक्षण

वायकिकीतील सर्फिंगचे प्राथमिक प्रशिक्षण म्हणजे अमेरिकेच्या हवाई राज्यात, ओआहू बेटावरील होनोलुलू शहराच्या वायकिकी किनाऱ्यावर, सुट्टीसाठी आलेल्या पर्यटकांना दिला जाणारा सर्फिंगचा पहिला धडा होय. साधारणतः एक ते दोन तासांच्या या धड्यात, ज्याने पूर्वी कधीही फळी हाताळलेली नाही अशा व्यक्तीला लाटेवर उभे राहण्याचा अनुभव दिला जातो. जगातील अनेक किनाऱ्यांवर आज अशा शिकवण्या मिळत असल्या, तरी पर्यटकाला पैसे घेऊन सर्फिंग शिकवण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी प्रामुख्याने येथेच रूढ झाली. येथील शिक्षकांना परंपरेने ‘बीच बॉय’ असे म्हटले जाते. हे संबोधन वयस्कर शिक्षकांनाही लागू होते व ते अवमानकारक मानले जात नाही.

वायकिकीत पहिल्याच दिवशी फळीवर उभे राहणाऱ्यांचे प्रमाण मोठे असते. याचे श्रेय विद्यार्थ्याच्या कौशल्यापेक्षा तेथील संथ लाटेला, मोठ्या फळीला आणि मागून ढकलणाऱ्या शिक्षकाला अधिक जाते. त्यामुळे धडा पूर्ण झाला म्हणजे सर्फिंग आले, असा समज करून घेणे धोक्याचे ठरू शकते. लाट ओळखणे, ती योग्य क्षणी स्वबळावर पकडणे आणि इतरांना इजा न करता पाण्यात वावरणे ही या खेळाची खरी अंगे असून पहिल्या धड्यात त्यांची केवळ तोंडओळख होते.

स्थान व लाटांचे स्वरूप

‘वायकिकी’ या हवाईयन नावाचा अर्थ ‘उसळते पाणी’ असा सांगितला जातो. आज उंच हॉटेलांनी वेढलेला हा परिसर पूर्वी ओढे, झरे आणि दलदलीचा होता. अळूच्या कुळातील ‘कालो’ या कंदाची पाणथळ खाचरे व मासे पाळण्याची तळी येथे होती. १९२१ ते १९२८ या काळात आला वाई कालवा खोदून दलदलीचे पाणी काढून टाकण्यात आले आणि त्या जमिनीवर आजचे पर्यटनकेंद्र उभे राहिले. किनाऱ्यावरील वाळूची सतत धूप होत असल्याने ती वेळोवेळी कृत्रिमरीत्या भरावी लागते. २०१२ मध्ये समुद्राच्या तळावरील वाळू उपसून किनाऱ्याची अशी भर घालण्यात आली.

वायकिकी दक्षिणाभिमुख आहे. दक्षिण गोलार्धात हिवाळा असताना तेथील महासागरात उठणाऱ्या वादळांमुळे निर्माण झालेल्या लाटा हजारो किलोमीटरचा प्रवास करून येथे पोहोचतात. म्हणून वायकिकीत लाटांचा मुख्य हंगाम उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात असतो. इतक्या लांबच्या प्रवासात लाटा एकमेकींपासून सुट्या होऊन एका लयीत येऊ लागतात. नवशिक्याला याचा मोठा फायदा होतो, कारण एका लाटेनंतर दुसरीची तयारी करण्यास वेळ मिळतो. याउलट ओआहूचा उत्तर किनारा हिवाळ्यात प्रचंड लाटांसाठी प्रसिद्ध आहे आणि तेथे त्या काळात नवशिक्याने पाण्यात उतरणे प्राणघातक ठरू शकते. दोन्ही किनारे एकाच बेटावर, मोटारीने तासाभराच्या अंतरावर असल्याने पर्यटकांची यात अनेकदा गफलत होते.

लाट उथळ पाण्यात आली की तिचा तळाकडील भाग मंदावतो, माथा पुढे झुकतो आणि ती फुटते. तळ एकाएकी उंचावत असेल तर लाट पोकळ होऊन धाडकन कोसळते. तळ हळूहळू चढत असेल तर तिच्या माथ्यावरून फेस ओघळत राहतो आणि ती बराच काळ पुढे सरकत राहते. वायकिकीचा प्रवाळयुक्त तळ बहुतांशी दुसऱ्या प्रकारचा आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर लाटा फुटण्याच्या जागांना स्वतंत्र नावे आहेत. ‘क्वीन्स’ हे नाव राणी लिलिउओकलानी यांच्या येथील किनाऱ्यालगतच्या निवासस्थानावरून आले, तर ‘कनूज’ ही जागा उलांडीच्या होड्या लाटांवर चालवण्यासाठी प्रसिद्ध असल्याने तिला ते नाव मिळाले. नवशिक्यांचे धडे मुख्यतः कनूज येथे दिले जातात. आज ‘कॅसल्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, अधिक खोल पाण्यातील जागेचे जुने हवाईयन नाव ‘कालेहुआवेहे’ असे आहे. एका पुरुषाने सरदाराच्या पत्नीसोबत एकाच लाटेवर स्वार झाल्यावर आपल्या गळ्यातील लेहुआ फुलांची माळ काढून तिला दिली, अशी आख्यायिका या नावामागे सांगितली जाते.

इतिहास

हवाईयन भाषेत सर्फिंगला ‘हेए नालू’ म्हणतात. ‘हेए’ म्हणजे घसरणे व ‘नालू’ म्हणजे लाट. स्त्री-पुरुष, मुले, सरदार आणि सामान्य जन असे सर्वच हा खेळ खेळत. पोटावर झोपून वापरायच्या लहान फळीला ‘पाइपो’, पातळ व मध्यम लांबीच्या फळीला ‘अलाइआ’ आणि सरदारवर्गाशी निगडित असलेल्या लांब, जड फळीला ‘ओलो’ असे म्हणत. फळ्यांसाठी कोआ, विलिविली व फणसाच्या कुळातील उलू या झाडांचे लाकूड वापरले जाई. कॅप्टन जेम्स कुक यांच्या मोहिमेतील जेम्स किंग यांनी १७७९ मध्ये केआलाकेकुआ उपसागरात पाहिलेल्या या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे.

युरोपीय संपर्कानंतरच्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांमुळे हवाईयन लोकसंख्या झपाट्याने घटली. १८२० मध्ये आलेल्या अमेरिकी मिशनऱ्यांनी अर्धनग्नता, जुगार व रिकामा वेळ यांच्याशी जोडल्या गेलेल्या या खेळाकडे नापसंतीने पाहिले. त्यावरून ‘मिशनऱ्यांनी सर्फिंग संपवले आणि गोऱ्या पर्यटकांनी त्याला पुन्हा जिवंत केले’ अशी कथा दीर्घकाळ सांगितली गेली. अलीकडील संशोधकांना ती मान्य नाही. हवाईयन इतिहासकार आयझाया हेलेकुनिही वॉकर यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेव्ह्ज ऑफ रेझिस्टन्स’ या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, हवाईयन लोकांनी सर्फिंग कधीच सोडले नव्हते आणि जमीन, राज्य व भाषा यांवरचा ताबा सुटत असतानाही लाटांच्या पट्ट्यात त्यांचे स्थान टिकून होते. खेळ मंदावला, याचे प्रमुख कारण खेळणारी माणसेच मोठ्या संख्येने मृत्युमुखी पडली, हे होते. १८८५ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता क्रूझ येथे रेडवुडच्या फळ्यांवर सर्फिंग करणारे तिघेही हवाईचे राजपुत्र होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

पर्यटकांनी फळीवर हात आजमावण्याच्या नोंदी धंदेवाईक शिकवण्यांपेक्षा जुन्या आहेत. लेखक मार्क ट्वेन यांनी १८६६ च्या हवाई प्रवासात असा प्रयत्न केला आणि फळी एकटीच किनाऱ्याला लागल्याची हकिकत ‘रफिंग इट’ (१८७२) या पुस्तकात विनोदाने सांगितली. १८९३ मध्ये राणी लिलिउओकलानी यांची सत्ता उलथवण्यात आली व १८९८ मध्ये अमेरिकेने ही बेटे आपल्या राज्यात जोडून घेतली. १९०१ मध्ये वायकिकीच्या वाळूवर मोआना हॉटेल सुरू झाले आणि पाण्यात रमणारी हवाईयन मुले व किनाऱ्यावर बसलेले श्रीमंत पाहुणे एकमेकांच्या समोर आले. शिकवणीचा व्यवसाय या भेटीतून उभा राहिला.

१९०७ मध्ये ‘कॉल ऑफ द वाइल्ड’चे लेखक जॅक लंडन आपल्या बोटीने प्रवास करताना वायकिकीला थांबले. पत्रकार अलेक्झांडर ह्यूम फोर्ड यांनी त्यांना फळीवर चढवले. आईकडून हवाईयन वंशाचे असलेले जॉर्ज फ्रीथ यांचे कौशल्यही लंडन यांनी तेथेच पाहिले. पहिल्या दिवशी तासन्‌तास पाण्यात राहिल्याने लंडन यांची त्वचा इतकी भाजली की त्यांना अंथरूण धरावे लागले. त्याच अवस्थेत लिहिलेला त्यांचा लेख त्याच वर्षी अमेरिकी नियतकालिकात छापून आला आणि वायकिकीच्या लाटा लाखो वाचकांपर्यंत पोहोचल्या. नवशिक्याचा उत्साह आणि त्यानंतरची होरपळ या दोन्हींचे ते बहुधा सर्वांत वाचले गेलेले वर्णन असावे. फ्रीथ त्याच वर्षी कॅलिफोर्नियात गेले, तेथे त्यांनी सर्फिंगची प्रात्यक्षिके दिली, जीवरक्षक म्हणून नाव कमावले आणि १९१९ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीत त्यांचे निधन झाले.

१९०८ मध्ये फोर्ड यांच्या पुढाकाराने आउटरिगर कनू क्लबची स्थापना झाली. त्याचे सभासद बहुतांशी गोरे होते. हवाईयन तरुणांनी चालवलेल्या ‘हुई नालू’ या संघाला १९११ मध्ये औपचारिक रूप मिळाले. या संघातील ड्यूक काहानामोकू (१८९०–१९६८) यांनी १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात सुवर्णपदक जिंकले आणि पोहण्याच्या निमित्ताने केलेल्या दौऱ्यांत सर्फिंग दूरदूर नेले. १९१४–१५ च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियातील फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यांनी केलेली प्रात्यक्षिके त्या देशाच्या सर्फिंगच्या इतिहासात मैलाचा दगड मानली जातात. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीच येथे बोट उलटली तेव्हा त्यांनी फळीच्या साहाय्याने आठ जणांना वाचवले. त्यानंतर जीवरक्षकांच्या साधनांत फळीला महत्त्वाचे स्थान मिळाले.

दोन महायुद्धांमधील काळ हा बीच बॉयांचा भरभराटीचा काळ होता. १९२७ मध्ये रॉयल हवाईयन हॉटेल उघडले, जहाजांनी आलेले प्रवासी येथे आठवडेच्या आठवडे मुक्काम करू लागले आणि एकच बीच बॉय संपूर्ण मुक्कामभर एखाद्या कुटुंबाचा शिक्षक, होडीचा नाखवा, जीवरक्षक आणि संध्याकाळी उकुलेले वाजवणारा गायक अशी कामे करी. १९२० मध्ये इंग्लंडचे तत्कालीन युवराज (पुढे आठवे एडवर्ड) यांनी येथे सर्फिंग केले. रहस्यकथाकार ॲगाथा ख्रिस्ती १९२२ मध्ये पतीसह येथे आल्या होत्या. दक्षिण आफ्रिकेत पोटावर झोपून लाटा घेण्यास शिकलेल्या ख्रिस्ती वायकिकीत फळीवर उभ्या राहिल्या. उन्हाने भाजणे, प्रवाळाने पाय कापणे, लाटेच्या माऱ्याने पोहण्याचा पोशाख फाटणे आणि शेवटी मिळालेला निखळ आनंद यांचे वर्णन त्यांच्या आत्मचरित्रात आढळते. १९३० च्या दशकात ‘वायकिकी बीच पॅट्रोल’ या नावाने या सेवेला संघटित रूप देण्यात आले. शहरात हवाईयन तरुणांना कमी मजुरीची कामे व वांशिक दुजाभाव सोसावा लागत असताना, पाण्यात मात्र मोठमोठे उद्योगपती व चित्रपट अभिनेते त्यांच्या सूचना निमूट ऐकत असत.

१९५९ मध्ये हवाई हे अमेरिकेचे राज्य झाले व त्याच सुमारास जेट विमानांची सेवा सुरू झाली. मुक्काम आठवड्यांवरून दिवसांवर आला, पाहुण्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढली आणि महिनाभर चालणारी ओळख तासाभराच्या धड्यात आवळली गेली. आजच्या धड्याची लांबी व आखणी या बदलातून आलेली आहे.

साधने

जुन्या लाकडी फळ्या अत्यंत जड असत. टॉम ब्लेक यांनी पोकळ फळी बनवून वजन घटवले आणि १९३५ मध्ये वायकिकीत फळीच्या शेपटाखाली फिन बसवून तिला दिशेचे स्थैर्य दिले. नवशिक्यासाठी सध्या साधारणतः ८ ते १० फूट किंवा त्याहून लांब, रुंद व जाड, वरून मऊ फोमचे आवरण असलेली फळी दिली जाते. ती पाण्यावर अधिक तरंगते, कमी डगमगते आणि डोक्याला लागली तरी जखम तुलनेने सौम्य होते. सडपातळ, आखूड फळी दिसायला आकर्षक असली, तरी तिच्यावर पहिल्या दिवशी नुसते झोपून तोल सावरणेही कठीण असते. फळी घोट्याला बांधण्याची ‘लीश’ नावाची लवचिक दोरी १९७० च्या दशकात प्रचारात आली. पाण्याचे तापमान वर्षभर साधारणतः २४ ते २७ अंश सेल्सिअस असल्याने जाड रबरी पोशाखाची गरज नसते. मात्र फळीच्या घर्षणाने पोट व छाती सोलवटू नये, तसेच उन्हापासून संरक्षण व्हावे म्हणून पूर्ण बाह्यांचा घट्ट सदरा घातला जातो. प्रवाळाला हानिकारक ठरवलेली ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही द्रव्ये असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे.

धड्याचे स्वरूप

धडा वाळूवर सुरू होतो. विद्यार्थ्याला पालथे झोपण्याची योग्य जागा दाखवली जाते. शरीर फार पुढे गेले तर फळीचे नाक पाण्यात घुसते व विद्यार्थी डोक्यावरून पुढे फेकला जातो. फार मागे राहिले तर फळीचा वेग मंदावतो आणि लाट खालून निघून जाते. त्यानंतर हातांनी वल्हवण्याची रीत व उभे राहण्याची क्रिया शिकवली जाते. तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना टेकवायचे, शरीराचा वरचा भाग उचलायचा, पाय पोटाखाली ओढून फळीच्या मध्यरेषेवर ठेवायचे आणि गुडघे वाकवून अर्धवट बसलेल्या स्थितीत यायचे, असा तिचा क्रम असतो. डावा पाय पुढे ठेवणाऱ्यांना ‘रेग्युलर’ व उजवा पुढे ठेवणाऱ्यांना ‘गूफी’ म्हणतात. यांपैकी चूक वा बरोबर असे काही नसते. काही शिक्षक विद्यार्थ्याला पाठीमागून अचानक हलका धक्का देऊन कोणता पाय आपोआप पुढे पडतो ते पाहतात.

वाळूवरची ही तालीम क्वचितच वीस मिनिटांपेक्षा अधिक चालते व तिच्यात पाण्यात उपयोगी पडेल असे एकच तत्त्व खोलवर रुजते: नजर कोठे ठेवावी. फळीकडे किंवा स्वतःच्या पायांकडे पाहिल्यास डोके खाली जाते, पाठोपाठ खांदे झुकतात आणि तोल जातो. म्हणून शिक्षक किनाऱ्यावरील एखाद्या हॉटेलकडे किंवा झाडाकडे बोट दाखवून तेथेच पाहण्यास सांगतात.

पाण्यात गेल्यावर कनूजपर्यंतचे अंतर हातांनी वल्हवत कापावे लागते. खांदे व मान यांना याची सवय नसल्याने बहुतेकांना सर्वांत जास्त थकवा उभे राहण्याने नव्हे, तर या वल्हवण्याने येतो. शिक्षक लाटा फुटण्याच्या जागेजवळ विद्यार्थ्याची फळी किनाऱ्याकडे वळवून धरतो, मागून येणाऱ्या लाटा पाहतो, त्यांतील एक निवडतो, ‘वल्हवा’ असे ओरडतो आणि ऐन वेळी फळीला जोरात ढकलतो. लाट फळीला उचलून वेग देऊ लागली की ‘उठा’ असा पुकारा होतो. लाट पकडण्यासाठी फळीचा वेग लाटेच्या वेगाच्या जवळपास पोहोचावा लागतो आणि नवशिक्याच्या हातांत तेवढे बळ नसते. ती तूट शिक्षकाचा धक्का भरून काढतो. हा निर्णय व धक्का हीच शिक्षकाची खरी विद्या आहे. शिक्षकाविना दुसऱ्या दिवशी एकट्याने फळी भाड्याने घेणाऱ्यास एकही लाट मिळत नाही, हा वायकिकीत नेहमी दिसणारा प्रकार त्यामुळेच घडतो.

घाईघाईने गुडघ्यांवर उभे राहणे, फळीच्या कडा धरणे आणि कंबरेत वाकून ढुंगण मागे काढणे या पहिल्या दिवसाच्या सर्वसामान्य चुका होत. तोल जाऊ लागल्यास पुढे सूर मारू नये. बाजूला किंवा मागे, अंग पसरून सपाट पडावे, कारण खाली प्रवाळ व खडक असतात. पाण्याबाहेर येताना एक हात डोक्यावर आडवा धरावा, कारण लीशमुळे फळी उसळून परत येते. लाट येत असताना फळी कधीही लाट व स्वतःचे शरीर यांच्या मध्ये धरू नये. हे नियम वाळूवर सांगितले जातात, परंतु पहिली लाट मिळाल्याच्या आनंदात ते सर्वांत आधी विसरले जातात.

आरोग्यविषयक धोके

किरकोळ जखमा, प्रवाळाचे ओरखडे व उन्हाने भाजणे हे नित्याचे त्रास आहेत. प्रवाळाची जखम लहान दिसली तरी ती स्वच्छ न केल्यास चिघळते. वायकिकीत पौर्णिमेनंतर साधारणतः आठ ते दहा दिवसांनी, म्हणजे वद्य पक्षातील अष्टमी ते दशमीच्या सुमारास, बॉक्स जेलीफिश किनाऱ्याजवळ येतात व त्यांचा दंश अतिशय वेदनादायक असतो. त्या दिवसांत किनाऱ्यावर धोक्याच्या सूचना लावल्या जातात.

याहून कितीतरी विरळ, परंतु खास नवशिक्यांशी निगडित असलेला गंभीर विकार म्हणजे ‘सर्फर्स मायलोपॅथी’. २००४ मध्ये हवाईतील डॉक्टरांनी अशा नऊ रुग्णांचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले आणि त्यानंतर या विकाराला हे नाव मिळाले. यात पडणे, आपटणे असा कोणताही आघात झालेला नसतो. पालथे झोपून, मान व पाठ मागे ताणलेल्या स्थितीत बराच वेळ राहिल्याने मज्जारज्जूचा रक्तपुरवठा खंडित होत असावा, असे मानले जाते. त्यामागील नेमकी प्रक्रिया अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेली नाही. रुग्ण बहुधा तरुण, निरोगी आणि पहिल्यांदाच सर्फिंग करणारे असतात. प्रथम पाठीत दुखू लागते, मग पायांना मुंग्या येणे, बधिरपणा व अशक्तपणा येतो, लघवी होईनाशी होते. हे सर्व काही मिनिटांत ते काही तासांत घडू शकते. काही जण पूर्ण बरे होतात, तर काहींना कायमचे अपंगत्व येते.

हा विकार माहीत नसल्यास पाठदुखी ही ‘नव्या व्यायामाची दुखी’ समजून विद्यार्थी आणखी काही लाटा घेत राहतो, आणि तेथेच मोठी हानी होण्याची शक्यता असते. लाटांची वाट पाहताना पालथे न झोपता फळीवर बसणे, मध्ये मध्ये विश्रांती घेणे आणि पाणी पिणे हे उपाय सुचवले जातात. पाठीत अचानक दुखू लागल्यास ताबडतोब थांबून शिक्षकाला सांगावे. पायांत अशक्तपणा वा बधिरपणा जाणवल्यास विनाविलंब रुग्णालयात जाणे आवश्यक असते.

पोहता येणे ही धड्याची अट सर्वत्र काटेकोरपणे तपासली जात नाही. फळी तरंगते म्हणून पोहता न येणारेही पाण्यात उतरतात. तथापि लीश तुटल्यास अथवा सुटल्यास किनाऱ्यापर्यंत पोहण्याला पर्याय उरत नाही.

शिष्टाचार आणि वाद

लाट फुटण्यास जेथे सुरुवात होते त्या बिंदूच्या सर्वांत जवळ असलेल्या व्यक्तीचा त्या लाटेवर पहिला हक्क असतो, हा सर्फिंगमधील जगन्मान्य संकेत आहे. दुसऱ्याच्या लाटेत मध्येच घुसणे हा असभ्यपणा तर आहेच, शिवाय त्यातून टकरीही होतात. कनूज येथे मात्र एकाच लाटेवर अनेक विद्यार्थी ढकलले जातात व तेथे हा संकेत बराच सैल झालेला आहे. पर्यटकाला त्यामुळे हा नियमच नाही असे वाटू लागते आणि तो इतरत्र गेल्यावर स्थानिकांचा रोष ओढवून घेतो. लाटेची उंची सांगण्याची पद्धतही गोंधळात टाकणारी आहे. हवाईत ती परंपरेने लाटेच्या मागील बाजूने मोजतात, त्यामुळे स्थानिकांची ‘दोन फुटी’ लाट समोरून जवळजवळ दुप्पट उंच दिसते.

गर्दी हा वायकिकीतील सर्वांत मोठा प्रश्न आहे. व्यावसायिक शिकवणीसाठी परवाना घ्यावा लागतो, तरीही एकाच वेळी पाण्यात असलेले वर्ग, भाड्याच्या फळ्यांवरील हौशी पर्यटक, उलांडीच्या होड्या आणि रोज येणारे स्थानिक यांच्यात जागेसाठी ओढाताण होते. हवाईयन वंशाच्या अनेकांच्या दृष्टीने प्रश्न केवळ गर्दीचा नाही. पूर्वजांचा खेळ तासाच्या दराने विकला जातो, त्याचा मोठा नफा हॉटेल व्यवसायाकडे जातो आणि होनोलुलूतील घरांच्या किमतींमुळे त्याच किनाऱ्याजवळ राहणे स्थानिकांना परवडत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. दुसरीकडे, याच व्यवसायाने कित्येक हवाईयन घराण्यांना पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर उपजीविका करता आली व बीच बॉयांची परंपरा वडिलांकडून मुलाकडे चालत राहिली, हेही खरे आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये (२०२१ मध्ये झालेल्या) सर्फिंगचा प्रथमच समावेश झाला तेव्हा महिलांचे पहिले सुवर्णपदक होनोलुलूच्या हवाईयन वंशीय करिसा मूर यांनी जिंकले. त्यांनी लहानपणी सर्फिंगचे पहिले धडे वायकिकीच्याच लाटांवर आपल्या वडिलांकडून घेतले होते.

१९९० मध्ये कुहिओ किनाऱ्यावर उभारलेला ड्यूक काहानामोकू यांचा पुतळाही वादातून सुटला नाही. पुतळ्याची पाठ समुद्राकडे आहे, आणि समुद्राकडे कधी पाठ फिरवू नये हे तर सर्फिंग शिकवणारा पहिल्याच दिवशी सांगतो. पाहुण्यांचे स्वागत करता यावे व छायाचित्रात पुतळ्यामागे समुद्र दिसावा यासाठी ही रचना करण्यात आल्याचे सांगितले जाते. पर्यटक व स्थानिक या पुतळ्याच्या पसरलेल्या हातांवर फुलांच्या माळा घालतात.

भारतातील प्रशिक्षणाशी तुलना

मोठी मऊ फळी, वाळूवरील तालीम आणि शिक्षकाचा धक्का ही वायकिकीत रूढ झालेली पद्धत भारतातही वापरली जाते. कर्नाटकातील मुलकी येथील मंत्र सर्फ क्लब ही देशातील आद्य सर्फिंग शाळांपैकी एक असून तमिळनाडूतील कोवलम व गोव्यातील काही किनाऱ्यांवरही नवशिक्यांसाठी धडे मिळतात. हंगाम मात्र नेमका उलटा आहे. वायकिकीत दक्षिणेकडील लाटा उत्तम असतात त्या जून ते सप्टेंबरच्या काळात कोकण व गोव्याचा समुद्र मोसमी वाऱ्यांनी खवळलेला असतो, मासेमारीच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि पाण्यात उतरण्यास मनाई केली जाते. पश्चिम किनाऱ्यावर नवशिक्याला साजेशा लहान लाटा साधारणतः ऑक्टोबर ते मे या काळात मिळतात. येथील तळ बहुतेक ठिकाणी प्रवाळाऐवजी वाळूचा असल्याने पडल्यावर ओरखडे कमी येतात. परंतु वाळूच्या दांड्यांमधून समुद्राकडे वेगाने जाणारे परतीचे प्रवाह तयार होतात व त्यांची जागा बदलत राहते. अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजत राहू नये. फळी न सोडता किनाऱ्याला समांतर वल्हवत ओढीच्या बाहेर पडावे.